खुलासा : परदेशी शेतावर ‘राहणं फुकट, वर पगार’ हे खरं नाही

निफाड-दिंडोरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘टुरिस्ट व्हिसावर न्यूझीलंडला जा, सेंद्रिय शेतावर काम करा, राहणं-जेवण फुकट, वर पगार.’ यातलं राहणं-जेवण तेवढं खरं.

हा प्रकार ‘वूफ’चा (WWOOF), म्हणजे सेंद्रिय शेतांवर स्वयंसेवक म्हणून राहून काम करण्याचा. १९७१ मध्ये इंग्लंडात सू कॉपर्ड यांनी तो सुरू केला. दिवसाला साधारण ४ ते ६ तास काम, बदल्यात शेतकरी कुटुंबाकडे मुक्काम आणि जेवण. पगार नाही. सदस्यत्वाची फी त्या-त्या देशातल्या संस्थेकडे आपणच भरायची. मध्ये एजंट लागतच नाही.

खरी मेख व्हिसात आहे. न्यूझीलंडचं इमिग्रेशन खातं मुक्काम-जेवणालाही मोबदलाच मानतं. म्हणजे ते काम ठरतं आणि कामाची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, जास्तीत जास्त ३० दिवस. कुणाच्या खाजगी शेतावर नाही. ‘फिरायला आलोय’ म्हणायचं आणि बॅगेतून गमबूट निघायचे, असं झालं तर विमानतळावरूनच परत पाठवू शकतात.

द्राक्षछाटणीत हात बसलेल्या आपल्या पोरांना तिकडे कमवायचंच असेल, तर वर्क व्हिसा काढावा. आणि मेसेजमधल्या नंबरवर ‘प्रोसेसिंग फी’ अजिबात पाठवू नका.