अक्काचं आधार दुकानातल्या कॉम्प्युटरवर

परवा लेकीच्या स्कॉलरशिपच्या कागदांच्या प्रिंट काढायला आमच्या भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. काउंटरवरचा पोरगा माझी पीडीएफ शोधत डाउनलोडचं फोल्डर वर-खाली करत होता, आणि स्क्रीन माझ्याकडंच वळवलेली. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्ड, कुणाचा तरी घटस्फोटाचा कागदसुद्धा. त्यातच आमच्या गल्लीतल्या अक्काचं आधार दिसलं. फोटोवरून लगेच ओळखलं. 2024 च्या जुलैत लाडकी बहीणचा फॉर्म भरायला मीच तिला तिथं घेऊन गेले होते. तेव्हापासून ते तिथंच पडून होतं.

त्या पोराचा मला राग आला नाही. त्या दिवसांत दुकानासमोर केवढी रांग होती ते मी पाहिलंय. विड्या वळणाऱ्या बायका मजुरी बुडवून सकाळपासून उभ्या होत्या. दुकानाचा व्हॉट्सॲप नंबर भिंतीवर चिकटवलेला असतो, त्यावर आपण फोटो पाठवतो, प्रिंट घेतो, पैसे देतो, निघतो. पुसायचं कुणाच्याच डोक्यात येत नाही. घरी येऊन चॅटमध्ये 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं, तरी त्यानं एकदा डाउनलोड केलेली प्रत तशीच राहते. आणि त्या खुर्चीवर दिवसभरात चार वेगवेगळी माणसं बसतात.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड. शेजारच्या फाइलमध्ये पॅनकार्ड असेल तर दोन्ही गोष्टी त्यावर छापलेल्याच असतात.

मे 2022 मध्ये आधारच्या बंगळूर कार्यालयानं एक सूचना काढली होती. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार (पहिले आठ आकडे झाकलेलं) वापरा, नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करू नका आणि केलंच तर तिथली प्रत कायमची पुसा. दोनच दिवसांत, लोकांचा गैरसमज होईल म्हणून, सरकारनं ती मागं घेतली. त्यातला शब्दन् शब्द मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

'आपल्याकडं चोरण्यासारखं हाय काय?' असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालते. अक्काच्या खात्यात महिन्याला येणारे दीड हजार हा तिच्या औषधाचा पैसा आहे. आधारवरून पैसे काढून देणाऱ्या मशीनला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, बस्स. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी त्या एका फोल्डरमध्ये होत्या. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क झेरॉक्सच्या रांगेतल्या बाईलाही आहे, असं मी तरी मानते.

सरकारी योजनेला पूर्ण नंबर लागतो, तिथं इलाज नाही. पण लॉजवर खोली घेताना, घरमालकाला देताना मास्क्ड आधार द्या. आधारच्या वेबसाइटवर मिळतं. दुकानात प्रिंट झाली की तिथंच उभं राहून म्हणायचं, "अण्णा, माझी फाइल पुसा, रिसायकल बिनमधनं पण काढा." मी त्या दिवशी म्हणाले. पोरानं माझी पुसली, अक्काची पुसली, मग मालकाला फोन करून महिन्याभरापेक्षा जुनं सगळं काढायला बसला. माझ्यामागं पाच-सहा जण खोळंबले होते, कुणी कुरकुर केली नाही. उलट एका मावशीनं विचारलं, "माझं पण हाय का बगा की."

संध्याकाळी अक्काकडं गेले. ठशावरून कुणी पैसे काढू नये म्हणून बायोमेट्रिक लॉक करून देते म्हटलं. तर ती म्हणाली, "मग रेशनला अंगठा कसा द्यायचा?" प्रश्न बरोबर होता. आधीच विड्या वळून तिच्या बोटांच्या रेघा झिजल्यात, रेशनच्या मशीनवर तीन-तीनदा अंगठा दाबावा लागतो. रेशनच्या दिवशी तेवढ्यापुरतं लॉक उघडता येतं, ते मी करून देईन असं कबूल केलं. मग ओटीपी यायची वाट बघत बसलो. आलाच नाही. तिच्या आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा निघाला. तो पुण्याला कामाला गेला आणि ते सिम कधीच बंद पडलंय. आता सोमवारी तिला घेऊन आधार सेंटरवर नंबर बदलायला जायचंय. गल्लीतल्या आणखी कुणाचं असं असेल तर सांगा, सगळ्या मिळूनच जाऊ.