आरोग्य खाते निरुपद्रवी कसे ठेवावे

आपल्या हाती एखाद्या नगराचा किंवा जिल्ह्याचा कारभार आला असेल आणि तेथे सार्वजनिक आरोग्य खाते नावाची एक शाखा असल्याचे आपल्या ध्यानात आले असेल, तर ती बंद करण्याची घाई मुळीच करू नये. बंद पडलेल्या खात्याविषयी लोक ओरड करतात, निवेदने देतात, प्रसंगी न्यायालयातही जातात. बाहेर पाटी असलेली आणि आत माणूस नसलेली कचेरी मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शिवाय या खात्याचे यश म्हणजे जे घडले नाही ते. न आलेली साथ कोणी मोजत नाही, आणि म्हणून खाते काम करते की नुसतेच आहे, हे निदान काही वर्षे तरी कोणाला कळण्याचे कारण नाही. अशी सवलत रस्ते किंवा दिवाबत्ती पाहणाऱ्यांच्या नशिबी नसते. तिचा पुरेपूर लाभ घ्यावा.

सुरुवात वरच्या खुर्चीपासून करावी. आरोग्य अधिकाऱ्याचे पद मंजूर असू द्यावे, भरू मात्र नये. ते रिक्त आहे असेही म्हणू नये. त्याचा अतिरिक्त कार्यभार अशा सद्गृहस्थांकडे सोपवावा, ज्यांच्याकडे आधीचेच दोन कार्यभार आहेत. पात्रतेचा प्रश्न निघालाच, तर वैद्यकीय पदवी पुरेशी आहे, असे ठणकावून सांगावे. समोरच्या रोग्याला तपासणे आणि वस्तीतून रोग कसा फिरतो याचा माग काढणे ही निरनिराळी कामे आहेत, दुसऱ्यासाठी साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि थोडाफार कायदाही शिकावा लागतो, असा आक्षेप घेणारा माणूस सभेत सहसा नसतो. असलाच, तर पुढच्या सभेची नोटीस त्याला वेळेवर मिळणार नाही, एवढे पाहावे.

पद भरणे अगदीच अटळ झाले, तर ते अर्धवेळ भरावे. यात आपण जुन्या परंपरेला धरूनच वागत असतो. लिव्हरपूल शहराने १८४७ साली डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना इंग्लंडमधील पहिले आरोग्य अधिकारी म्हणून नेमले, तेव्हा पगार वर्षाला ३०० पौंड होता आणि स्वतःचा दवाखाना चालवण्याची मोकळीक होती. त्याच वर्षी शहरात टायफसने (उवांमार्फत पसरणाऱ्या तापाने) थैमान घातले, आणि पुढच्या वर्षी नगरपालिकेने ते पद पूर्णवेळ करून पगार ७५० पौंडांवर नेला. एका साथीने इतके हातपाय गाळणे प्रशासकाला शोभत नाही.

नियम करावेच लागले, तर ते ऐच्छिक असावेत. इंग्लंडच्या १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक आरोग्य मंडळांना आरोग्य अधिकारी नेमण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. ती सक्ती देशभर व्हायला १८७२ साल उजाडावे लागले. मंडळ स्थापन करण्याची तरतूदही विचारपूर्वक केलेली होती. करदात्यांपैकी दहाव्या हिश्श्याने मागणी करावी, अथवा वार्षिक मृत्यूंचे प्रमाण दर हजारी २३ च्या वर जावे, म्हणजे मगच केंद्राला हात घालता येई. करदाते गप्प राहिले, तर हजारी २३ पर्यंतचे मरण हा ज्या त्या गावाचा अंतर्गत प्रश्न ठरत असे. स्थानिक स्वायत्ततेचा इतका नेमका हिशोब मी अन्यत्र पाहिलेला नाही.

अधिकारक्षेत्राच्या आकाराकडेही लक्ष असावे. हेवन इमर्सन यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने १९४५ साली अशी शिफारस केली होती की, स्थानिक आरोग्य घटकाच्या, म्हणजे एकेका भागापुरत्या आरोग्य खात्याच्या, कक्षेत किमान ५०,००० लोकसंख्या असावी, म्हणजे पूर्णवेळ प्रशिक्षित अधिकारी, परिचारिका आणि स्वच्छता निरीक्षक यांचा खर्च त्याला पेलेल. आपण नेमके उलट करावे. क्षेत्राचे इतके बारीक तुकडे पाडावेत की कोणत्याही तुकड्याला एकही पूर्ण माणूस परवडू नये, आणि याला सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणावे. टाळ्या हमखास मिळतात.

हाताखालच्या मंडळींवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. सगळे कंत्राटी ठेवावेत, मुदत थोडकी असावी, आणि काम शिकून तयार झालेला माणूस मुदतवाढीची वाट पाहत दुसरीकडे निघून जाईल, इतका काळ मुदतवाढीची फाईल फिरती राहावी. स्वच्छता निरीक्षकाला परवाना रद्द करण्याचा अधिकार देऊ नये. फक्त शिफारस करण्याचा द्यावा.

खरी कसोटी आरोग्य मंडळाच्या रचनेत आहे. विषयाची जाण असलेले सदस्य अल्पमतात असावेत, आणि ज्यांच्यावर कारवाई होऊ शकते त्यांचे प्रतिनिधी बहुमतात. यालाही उत्तम पूर्वपीठिका आहे. लंडनमधील पॅरिश मंडळांना, म्हणजे प्रभागांचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या मंडळांना, १८५५ च्या कायद्याने आरोग्य अधिकारी नेमणे भाग पडले. त्या मंडळांवर घरमालकांचा मोठा भरणा असे, आणि अधिकाऱ्याने कोंदट घरांविरुद्ध अहवाल लिहायचा तो त्या घरांच्या मालकांपुढेच. आपल्या अधिकाऱ्याला मुदतीची आणि बडतर्फीविरुद्ध संरक्षणाची हमी देऊ नये. त्याची फेरनेमणूक दरवर्षी मंडळासमोर यावी, आणि शक्यतो ज्या बैठकीत त्याचा दूषित पाण्याविषयीचा अहवाल असेल त्याच बैठकीत, अहवालाच्या नंतरच्या विषयावर. इतिवृत्तात ‘अहवालावर सविस्तर चर्चा झाली, त्याची नोंद घेण्यात आली’ एवढे वाक्य पुरते. त्याखाली सही करणाऱ्यांपैकी अहवाल कोणी वाचला आहे, हे विचारण्याची पद्धत नाही.

एवढे सगळे करूनही जाणता, पूर्णवेळ अधिकारी पदरी पडलाच, तर निराश होऊ नये. त्याच्यापर्यंत माहिती पोहोचू न देण्याची सोय करावी. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील पाण्यात किती क्लोरिन शिल्लक राहतो, याची रोजची नोंद पाणीपुरवठा संस्थेच्या वहीत होत असे, आणि आकडा बहुधा ०.५ किंवा ०.७५ असे. निसर्गाला असा गुळगुळीतपणा साधत नाही. तो साधण्यासाठी मोजणी न करता आकडा लिहावा लागतो, हे पुढे चौकशीत निघाले. प्रांताने १९९६ पासून पाण्याची तपासणी खासगी प्रयोगशाळांवर सोपवली होती आणि वाईट निकाल आरोग्य घटकाला कळवलाच पाहिजे, असे बंधन मात्र घातले नव्हते. मे २००० मध्ये मुसळधार पावसाने शेतातले शेण विहिरीत उतरले. १७ मे रोजी प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचा निकाल पाणीपुरवठा संस्थेला कळवला, आणि तो तेथेच राहिला. १९ मेला एका बालरोगतज्ज्ञाने आजारी मुलांविषयी आरोग्य घटकाला फोन केला. घटकाने पाण्याची चौकशी केली, तेव्हा पाणी ठीक आहे, असे उत्तर मिळाले. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. अखेर २१ मेला, आपल्या नमुन्यांचा निकाल हाती येण्याआधीच, आरोग्य घटकाने पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला. ७ माणसे मेली, सुमारे २,३०० आजारी पडली.

या प्रकरणात दोष कोठे राहिला, हे ध्यानात घ्यावे. निकाल योग्य ठिकाणी अडवला गेला होता, उत्तरेही ठरल्याप्रमाणे दिली गेली होती. पण त्या घटकात फोन उचलणारे, आजाऱ्यांची गावे नकाशावर मांडणारे आणि कागदाची वाट न पाहता आदेश काढण्याचा अधिकार असलेले लोक नोकरीवर होते. त्यांच्या जागाही तशाच रिकाम्या ठेवल्या असत्या, तर इशारा आणखी काही दिवस निघाला नसता.

साथ आलीच, तर हात सैल सोडावा. भरती तातडीची करावी, गणवेश द्यावेत, दैनंदिन आकडे स्वतः जाहीर करावेत. नियुक्तिपत्रात मात्र एक अट न विसरता घालावी: हे पद साथीच्या कालावधीपुरते असून शेवटचा रुग्ण बरा झाल्याच्या दिवशी कार्यालयीन वेळ संपताच आपोआप संपुष्टात येईल, आणि संपर्कांच्या याद्या, नमुन्यांच्या नोंदी व किल्ल्या भांडार विभागात जमा केल्याशिवाय अखेरचे वेतन मिळणार नाही.