सोमवार, पहाटे साडेचार

घरातल्या एकाने सेवेचं व्रत घेतलं की बाकीच्यांची बिनपगारी भरती होते, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. भाचा लोहगावहून विमानात बसला तेव्हा आम्ही सगळे यथासांग रडलो, फोटो काढले, ताईने बॅगेत बळेच एक चिवड्याचं पुडकं कोंबलं. पोरगं दोन वर्षं देवाच्या कामाला चाललंय, आपण इथे निवांत बसून अभिमान बाळगायचा, एवढीच माझी समजूत होती.

भाचा एकोणीस वर्षांचा. मिशनरी म्हणून गेलाय फिजीला. नकाशात तो ठिपका सापडला तेव्हा आईने आधी नखाने खरवडून पाहिला. त्यातही राजधानी सुवा मिळाली असती तर नातेवाइकांत सांगायला बरं, पण याची नेमणूक लंबासाला. ते उसाचं गाव. साखर कारखाना, उसाने भरलेल्या छोट्या रुळांवरच्या गाड्या आणि चारी बाजूंनी ऊस. ताई म्हणाली, "ऊसच बघायचा होता तर बारामतीला पाठवायचा. रविवारी डबा तरी नेऊन दिला असता."

तिथे इंग्रजांनी १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर नेली होती, उसाच्या मळ्यात राबायला. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथली हिंदी बोलतात, भोजपुरी-अवधीच्या वळणाची. भाच्याला धडे द्यायचे ते बऱ्याचदा याच लोकांना. म्हणजे हिंदीतून. आता आमच्या भाच्याची हिंदी म्हणजे "भैया, वो चौक के अलीकडे थांबवो." एवढ्या भांडवलावर हा परदेशात उपदेश करणार, याची मला त्या उपदेश ऐकणाऱ्यांच्या वतीने काळजी वाटत होती. पण तिथल्या म्हाताऱ्या बायका त्याला बोलायला लावून पोटभर हसतात आणि मग जेवायला वाढतात, असं कळलं. धर्मप्रसाराचा हा मार्ग मला तरी नवा होता.

आम्ही गुरुवार पेठेतले, पिढ्यान्‌पिढ्या पंचहौदाच्या देवळात जाणारे ख्रिस्ती. भाचा मात्र कॉलेजात असताना एका मित्राबरोबर लॅटर-डे सेंट्सच्या, म्हणजे मॉर्मन लोकांच्या मंडळीत जाऊ लागला. आईला वाईट वाटेल म्हणून आम्ही आठवडाभर गोष्ट दडवून ठेवली. कळल्यावर आई म्हणाली, "येशू तोच ना? मग झालं." तिला खरा धक्का बसला तो पुढे. त्यांच्यात चहा चालत नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू, सगळं एकाच ओळीत वर्ज्य. दारू-तंबाखूवर आईने समाधानाने मान हलवली, चहाला मात्र तिने खुर्चीचा हात धरला.

आमच्या गल्लीत मिशनरी आणि चहा यांचं नातं जुनं आहे, म्हणून हे जास्त लागलं. १८९० साली इथेच, पंचहौद मिशनमध्ये, रानडे, टिळक आणि पुण्यातल्या बऱ्याच मोठ्या मंडळींनी मिशनऱ्यांचा चहा घेतला. गोपाळराव जोशांनी ती नावं छापून आणली आणि सगळं पुणं पेटलं. ख्रिस्त्यांच्या हातचं घेतलं म्हणजे धर्म बुडाला, म्हणून ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकायचा खटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, शेवटी रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. एका कपापायी! आणि त्याच गल्लीतला आमचा मिशनरी लोकांच्या घरी जाऊन सांगतो, चहा नको, पाणी चालेल. गोपाळराव असते तर त्यांच्या हाती छापण्यासारखं काही लागलं नसतं.

बरं, आता सोमवार.

या मिशनऱ्यांना आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळतो, बहुधा सोमवार. त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजारहाट करायचा, केस कापायचे आणि घरी व्हिडिओ कॉल करायचा. पूर्वी असं नव्हतं. २०१९च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच: नाताळला आणि मदर्स डेला. एरवी आठवड्याला ईमेल. हा नियम ज्या दिवशी मला कळला त्या दिवसापासून, भाचा आठ-दहा वर्षं आधी जन्मला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण फिजीचं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास. याचा कॉल तिथल्या सकाळी अकराला. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. "दुपारी कर की," असं मी सुचवून पाहिलं. पण हे मिशनरी कायम जोडीने असतात. एकट्याने कुठे जायचं नाही, सोबती नजरेच्या टप्प्यात हवा. याचा सोबती अमेरिकेतल्या आयडाहोचा. बटाट्याचा प्रदेश आहे म्हणे तो, त्यामुळे आई त्याला 'बटाटेवाला पोरगा' म्हणते. फिजीत सोमवारचे अकरा वाजतात तेव्हा आयडाहोत रविवारची संध्याकाळ असते, त्याची आई आरामात सोफ्यावर बसलेली असते. दोघं एकाच खोलीत, एकाच वेळी, आपापल्या घरी बोलतात. एकाला सोमवार, दुसरीला रविवार, आणि पुण्याला धड रात्र नाही की धड दिवस नाही. या वाटाघाटीत पुण्याचं कोणी नव्हतंच.

चारला ताई उठवते. ताई खालच्या मजल्यावर राहते, पण कॉल आमच्या घरी, कारण माझा फोन मोठा आणि 'तुला त्यातलं कळतं'. मला कळतं ते इतकंच की फोन कुठे टेकवायचा. तांदळाच्या डब्याला टेकवला तर फक्त पंखा दिसतो, कुकरला टेकवला तर घसरतो. तेव्हा फोन हातात धरून उभं राहणं ही माझी सेवा. ताई साडी नेसून, पावडर लावून येते. आईला कवळी हवी असते, ती रात्री कुठे ठेवली ते आठवत नाही. बायको स्वयंपाकघरात आवाज न करता चहा टाकते आणि कप कॅमेऱ्याच्या खाली धरून पितो आम्ही, पोराला मोह नको म्हणून.

मग भाचा येतो. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी, तिच्यावर 'एल्डर' (त्यांच्यात मिशनरी पोरांना असंच म्हणतात) आणि आडनाव. पहिल्यांदा आला तेव्हा तो जरा मागे सरकला आणि ताई किंचाळली. टायच्या खाली लुंगी! तिकडे तिला सुलू म्हणतात, फिजीतले पुरुष ऑफिसला, चर्चलाही सुलू नेसून जातात, ती तिथली रीत आहे, हे त्याने समजावून सांगितलं. आई म्हणाली, "तुझे पणजोबा धोतर सोडून पाटलोणीत आले तेव्हा घरात महिनाभर कोणी बोललं नव्हतं. आणि तू हे उलटं चालू केलंस."

कॉलची सुरुवात प्रार्थनेने होते. भाचा म्हणतो, आपण डोळे मिटू या. पहाटे साडेचारला डोळे मिटायला सांगणं धोक्याचं आहे. एकदा आमेन झालं, सगळ्यांनी डोळे उघडले, आईचे उघडेनात. ताईने घाबरून खांदा हलवला तर आई म्हणाली, "माझी प्रार्थना वेगळी चालली होती. लांबची."

नंतर आठवड्याचा अहवाल. हा मुलगा पुण्यात अकराला उठायचा आणि जेवलेलं ताट टेबलावर तसंच सोडायचा. तो सांगतो: साडेसहाला उठतो. मंगळवारी सगळ्या मिशनऱ्यांची बैठक. बुधवारी एका आजोबांच्या घराचे पत्रे बसवले. गुरुवारी एका बाईंचा कसावा खणून दिला. शुक्रवारी मुलांना इंग्रजी. मध्ये मध्ये धडे, घरोघरी, चिखलातून. शनिवारी कोणाचं तरी सामान हलवलं. रविवारी उपासना, मग आजारी माणसांकडे. "पत्रे?" ताई म्हणते. "तुला बल्ब बदलायला सांगितला होता तर इलेक्ट्रिशियन बोलावलास." यावर तो हसतो. पूर्वी हसायचा नाही, दार आपटायचा. ताई मग माझ्याकडे बघते, जणू इतकी वर्षं ते पत्रे मीच अडवून धरले होते.

जेवणाचा विषय आईचा. "काल काय खाल्लंस?" भाचा म्हणाला, रोरो. दालोची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. दालो म्हणजे आपलं अळूच. आईने क्षणभर विचार केला. "म्हणजे अळूचं फदफदं. लग्नाच्या पंगतीत हा द्रोण बाजूला सारायचा आणि मी 'टाकू नको' म्हणून मागे लागायचे. ते खायला समुद्र ओलांडून गेला?" बटाटेवाल्या पोरालाही ते आवडतं, असं कळल्यावर आईला जरा बरं वाटलं.

इथवर सगळं सोसण्यासारखं. घात होतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. या मिशनऱ्यांच्या शिकवणीत एक भाग असतो: समोरच्याला नुसतं ऐकवायचं नाही, त्याच्याकडून एखाद्या गोष्टीचा शब्द घ्यायचा आणि पुढच्या भेटीत विचारायचं, केलंत का. भाचा हे तिथे दिवसभर करतो, त्यामुळे हात बसलाय. एका सोमवारी त्याने थेट मला विचारलं, "मामा, या आठवड्यात तू कोणासाठी काय करशील?"

मी म्हणालो, मी फोन धरतो.

"ते नाही. बाहेरच्या कोणासाठी तरी."

पहाटे पावणेपाचला माणसाची प्रतिकारशक्ती शून्य असते. मी हो म्हणालो. मला वाटलं, विसरेल. पुढच्या सोमवारी आमेन म्हणता म्हणता, "मामा, केलंस?"

पुण्यात सेवा करणं सोपं नाही, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. लंबासात पत्रे बसवून देतो म्हटलं की लोक शिडी आणून देतात. इथे मी मंडईबाहेर दोन गच्च पिशव्या घेऊन चाललेल्या एका बाईंना म्हटलं, "काकू, एक द्या माझ्याकडे." त्यांनी दोन्ही पिशव्या छातीशी धरल्या.

"मी तुम्हाला ओळखते?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नाही. मी उगाच भाव विचारल्यासारखं करून एका मेथीच्या गाड्याआड गेलो.

जिन्याचं बघितलं. झाडायला येणारा मुलगा गावी गेला होता, तर म्हटलं आपण झाडावा. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो तोवर बिल्डिंगमध्ये बातमी: याला सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचंय. सध्याचे सेक्रेटरी संध्याकाळी येऊन बसले, हवापाण्याचं बोलले आणि जाताना म्हणाले, "हिशेब सगळे स्वच्छ आहेत बरं का, कधीही बघा."

शेवटी सापडले तिसऱ्या मजल्यावरचे काका. वय ब्याऐंशी, केंद्र सरकारचे पेन्शनर. त्यांचा हयातीचा दाखला व्हायचा होता. बाकीच्या पेन्शनरांना नोव्हेंबर, पण ऐंशीच्या वरच्यांना एक ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे काकांना तोंडपाठ. फक्त बँकेत जाऊन रांगेत उभं राहायला गुडघे तयार नव्हते. मी म्हटलं, काका, मोबाइलवर होतं. चेहरा दाखवायचा, संपलं.

काका खुर्चीत ताठ बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं. मी फोन धरला. या कामात माझा आता हातखंडा. पडद्यावरच्या गोलात चेहरा आला आणि सूचना आली, डोळे मिचकवा.

"काका, डोळे मिचकवा."

काका डोळे वटारून बघत राहिले.

"काका, मिचकवा!"

"फोटोत डोळे मिटले की फोटो वाया जातो," काका ओठ न हलवता म्हणाले. "पासपोर्टच्या वेळी तीन रुपये गेले होते."

पुन्हा. या वेळी काकांनी एकच डोळा मिटला, आणि काकू म्हणाल्या, हे शोभतं का. मग उजेड कमी पडला म्हणून काकूंनी टेबलावरचा दिवा आणून तोंडासमोर धरला, तेव्हा काकांनी दोन्ही डोळे मिटले ते उघडेचनात. मग दिवा लांब केला, खिडकीचा पडदा सारला, मी स्वतः समोर उभा राहून डोळ्यांची उघडझाप करून दाखवू लागलो. दारातून दूधवाला बघत होता. मग कसं कोण जाणे, काकांना एक जांभई आली, डोळे आपसूक मिटले-उघडले, आणि फोनने मान्य केलं.

"म्हणजे मी आहे?" काका म्हणाले.

"आहात. मेसेजही आला."

"प्रिंट काढून दे." मग आवाज बदलून, "किती झाले?"

"काही नाही, काका."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे फुकट. असंच."

काकांनी चष्मा काढला. "अहो, इकडे या," त्यांनी काकूंना हाक मारली. "हे म्हणतायत काही नाही. तुम्ही ऐकून ठेवा. उद्या मागितले तर साक्षीदार हवा."

सोमवारी मी छाती पुढे काढून हे सांगितलं. भाचा इतका खूश झाला की त्याने ते इंग्रजीत बटाटेवाल्याला सांगितलं, त्याने आयडाहोत त्याच्या आईला सांगितलं, आणि ती बाई पडद्याच्या कोपऱ्यातून मला हात हलवू लागली. मीही हलवला. आईने विचारलं, ही कोण आणि हिला आपल्या काकांचं काय पडलंय?

"मस्त, मामा," भाचा म्हणाला. "बिल्डिंगमध्ये आणखी पेन्शनर किती आहेत?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरोखर माहीत नव्हतं. पण काकांना माहीत होतं, आणि काका रोज संध्याकाळी सारसबागेत बसतात, जिथे पुण्यातले निम्मे पेन्शनर बसतात. 'एक जण डोळे मिचकावून घेतो, पैसे घेत नाही, काहीतरी गडबड असणार, पण दाखला मिळतो,' अशी माझी कीर्ती त्यांनी तिथे पसरवली.

नोव्हेंबर लागला त्या सकाळी बेल वाजली. दारात एक आजोबा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि पेन्शनचं पुस्तक. मला खाली-वर न्याहाळत म्हणाले, "फुकटवाले तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन पंख्याखालची खुर्ची धरली आणि म्हणाले, "दार लावू नका. लिफ्टमध्ये एका वेळी चारच मावतात."