सुरिनामची ‘सोन्याची शेती’: फॉरवर्ड करण्याआधी एवढं वाचा

आमच्या मावशीने ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘कॅरिबियनमधल्या सुरिनाम बेटावर डच सरकारने भारतीय शेतकऱ्यांना सन्मानाने बोलावलं, फुकट जमिनी दिल्या. ओसाड कोमेवाइन जिल्ह्यात त्यांनी सोनं पिकवलं, कधी कुणी एक दगडसुद्धा उचलला नाही.’ खाली जोडलेल्या हातांची रांग.

बेटाचं सोडा. सुरिनाम दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, नकाशा बघा.

‘ओसाड’ मात्र खपवून घेणार नाही. कोमेवाइनचा किनारा म्हणजे खारफुटी आणि चिखल. भरतीचं पाणी बांधांनी अडवायचं, ओहोटीला दारं उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, असे मळे तिथे आधीच होते. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी चिखल उपसून ते उभे केले होते. 1863 मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण आणखी दहा वर्षं सक्तीचं काम राहिलं. ती मुदत संपता संपता, 1873 मध्ये, कलकत्त्याहून ‘लल्ला रूख’ जहाज आलं. मळ्यांना माणसं हवी होती, एवढंच.

आणि सन्मान? पाच वर्षांचा करार, काम चुकवलं तर तुरुंग. 1916 पर्यंत सुमारे 34 हजार माणसं गेली, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. त्यांच्या नोंदी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्यात: बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज, मळा. आणि उंची. पाहुण्याला आमंत्रण देताना त्याची उंची कोण मोजतं?

आता तो दगड. जुलै 1902, कोमेवाइनमधलाच मारिएनबर्गचा साखरमळा. मजुरी कापलेली, त्यात स्कॉटिश व्यवस्थापक जेम्स मेव्हर मजुरांच्या बायकांवर हात टाकतो म्हणून संताप. 29 तारखेला मजुरांनी त्याला उसाच्या कोयत्यांनी तोडलं. दुसऱ्या दिवशी सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. 24 मजूर मेले. प्रेतं एकाच खड्ड्यात लोटली, वर चुना टाकला. तो खड्डा नेमका कुठे आहे, हे अजून सापडलेलं नाही. आणि मेसेज म्हणतो, दगडसुद्धा नाही!

जमिनी मिळाल्या, हे खरं. तेवढं मान्य. पण करार पुरा झाल्यावर. आणि 1895 पासून परतीच्या फुकट प्रवासावर पाणी सोडणाऱ्याला वर 100 गिल्डरही (डच चलन) देत. तरी जवळजवळ एक तृतीयांश लोक जहाजात बसून परत आले. सोनं पिकत असताना!