प्रमाणपत्र भिंतीवर, गार्ड कपाटामागे

ऑडिटची तारीख कळली की आमच्या कारखान्यात सुरक्षितता एकाएकी उगवते. फरशीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात, आपत्कालीन दारापुढे रचलेल्या खोक्यांच्या थप्प्या रातोरात हलतात, वर्षभर फाटक्या हातमोज्यांवर भागवणाऱ्या कामगारांच्या हातात कोरी जोडी पडते आणि मागच्या कित्येक महिन्यांचे टूलबॉक्स टॉकचे, म्हणजे काम सुरू करण्याआधी सुरक्षिततेवर होणाऱ्या छोट्या चर्चेचे, रजिस्टर एकाच बैठकीत, वेगवेगळ्या पेनांनी, भरून तयार होते. (पेन बदलायचे ज्यांना सुचते, त्यांना यंत्रावर गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारे संरक्षक आवरण, बसवायचे सुचत नाही, असे कृपा करून कोणी मला सांगू नये.) ऑडिटर चहा घेऊन, अहवालावर सह्या करून निघून जातो आणि थप्प्या पुन्हा दारापुढे येतात.

मी अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहे आणि माझा सगळ्यात मोठा संताप एका साध्या तुलनेतून येतो. आमच्या पॅकिंग लाइनवर मेटल डिटेक्टर आहे. लोखंड, बिगरलोह धातू आणि स्टेनलेस स्टील असे तीन टेस्ट पीस ठरलेल्या वेळी त्यातून पाठवले जातात, तपासणाऱ्याची सही होते, आणि एखादा तुकडा जरी पकडला गेला नाही तरी मागच्या यशस्वी चाचणीपासूनचा सगळा माल अडकवून पुन्हा तपासला जातो. हे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच लाइनच्या सुरुवातीला जो मिक्सर आहे, त्याचे झाकण उघडताच पाती थांबावीत म्हणून बसवलेल्या इंटरलॉकच्या स्विचमध्ये त्याची चावी कायमची खोचून वर चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, म्हणजे झाकण सताड उघडे असले तरी यंत्राला ते बंदच वाटते. या इंटरलॉकची चाचणी कधी झाली, कोणी केली, सही कुठे आहे, हे कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही. मालात धातूचा कण जाऊ नये म्हणून एवढी दक्षता, आणि मिक्सरमध्ये माणसाचा हात जाऊ नये म्हणून चिकटपट्टी!

हे बोलून दाखवले की साहेब भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवतात. त्या चौकटीत आयएसओ 22000 चे प्रमाणपत्र आहे, आणि ते अन्नसुरक्षेचे आहे, म्हणजे खाणाऱ्याच्या सुरक्षेचे. बनवणाऱ्याच्या सुरक्षेशी त्याचा संबंध नाही. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ 45001 हे वेगळे मानक 2018 मध्ये आले आणि त्याने जुन्या ओहसास 18001 ची जागा घेतली. तेही आम्ही मिळवले आहे, पण ते वाचण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत. त्यात स्पष्ट क्रम दिलेला आहे: आधी धोका मुळातून काढून टाका, नाहीतर कमी धोक्याचा पर्याय वापरा, मग यंत्ररचनेने आडकाठी करा, त्यानंतर कामाच्या पद्धती आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, हातमोजे, गॉगल. आमच्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो, कारण हातमोजे स्वस्त असतात आणि त्यांचा फोटो चांगला येतो. त्याच मानकात कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग यांवर स्वतंत्र कलम आहे. आमच्याकडे त्याची अंमलबजावणी म्हणजे व्यवस्थापनानेच निवडलेल्या दोघा-तिघांना सुपरवायझरच्या देखत विचारलेला प्रश्न, “काही अडचण नाही ना?”

आणि हे सगळे दिवसा. अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात यंत्राशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो रात्री धुलाई करणाऱ्या कंत्राटी कामगारांचा, कारण पट्टे आणि पाती उघडून, ओल्या फरशीवर उभे राहून, क्लोरीनयुक्त आणि आम्लयुक्त रसायने हाताळत ते काम करतात. ही दोन रसायने एकत्र आली की विषारी वायू सुटतो, हे त्यांच्यापैकी किती जणांना सांगितले आहे, ते विचारायला ऑडिटर रात्री कधीच येत नाही. लॉकआउट-टॅगआउटची, म्हणजे काम चालू असताना कोणी यंत्र सुरू करू नये म्हणून त्याच्या स्विचला लावायची, कुलुपे चकचकीत पेटीत टांगलेली आहेत आणि त्या पेटीला काच आहे, म्हणून ऑडिटमध्ये ती छान दिसतात.

हे फक्त आमच्याच कारखान्यापुरते असते तर मी गप्प बसलो असतो. 1991 मध्ये अमेरिकेतल्या हॅम्लेट येथील कोंबडी-प्रक्रिया कारखान्याला आग लागली तेव्हा बाहेर पडायची दारे कुलूपबंद होती आणि 25 कामगार मेले. तिथे अकरा वर्षांत सुरक्षा तपासणीच झालेली नव्हती. 2012 मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक माणसे जळून आणि गुदमरून मेली. तिथे मात्र तपासणी झालेली होती, आगीच्या काही आठवडेच आधी कामगारांच्या परिस्थितीबाबतचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालेले होते. तपासणी न होणे आणि अशी तपासणी होणे यांत मेलेल्यांच्या दृष्टीने फरक काय?

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, मध्ये दर वर्षी देखरेख ऑडिट, आणि प्रमाणन संस्थेचे पैसे भरणार ज्याची तपासणी करायची तोच मालक. नापास केले तर पुढच्या वेळी काम दुसऱ्या संस्थेला जाणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. मागच्या अहवालात आमच्यावर एकच शेरा होता, तोही एका अग्निशामकावरचा फलक पुसट झाल्याचा. फलक बदलून फोटो पाठवला आणि शेरा बंद झाला. मिक्सरच्या झाकणाजवळ ऑडिटर उभा होता. त्याने झाकण उघडून पाहिले नाही.

ऑडिटरने पूर्वसूचना न देता येणे शक्यच नसते, हे तर मुळीच ऐकवू नका. एफएसएससी 22000 या अन्नसुरक्षेच्या योजनेत तीन वर्षांच्या चक्रात निदान एक ऑडिट पूर्वसूचना न देता करावे लागते, आणि त्यासाठी आमचा कारखाना मुकाट्याने तयार असतो, कारण ऑर्डर त्यावर अवलंबून असते. तोच नियम कामगारांच्या बाबतीत लावा, रात्रीच्या धुलाईच्या पाळीला या, सुपरवायझरला बाहेर थांबवून कंत्राटी कामगारांशी बोला, आणि चालू यंत्राचे झाकण स्वतःच्या हाताने उघडून ते थांबते का ते पाहा.