ती क्लिप सिनेमातली आहे, आणि तिच्याखालचा मजकूर खोटा आहे

परवा रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, उद्यापासून मी लेकराला शाळंत धाडत नाही." कामून म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू मोबाईल बघत नाहीस का? मंठा रोडला पोरं उचलायलेत. व्हिडिओ आलाय. माय कशी लढली बघ." ती जालना जिल्ह्यात मंठ्याजवळच्या खेड्यात राहते, मी परभणीत. तोवर तोच व्हिडिओ मला तीन ठिकाणांहून आला होता. तिसऱ्यांदा तर आमच्या मावशीनं पाठवला होता, खाली हात जोडलेलं चित्र लावून.

व्हिडिओत लाल साडीतली एक बाई आहे. पाठीशी पोरीला धरून ती चार जणांना लोखंडी गजानं झोडपते आणि शेवटी लेकराला छातीशी घेऊन रस्त्यातच बसते. त्याखालचा मजकूर थोडक्यात असा: ही घटना मंठा-जिंतूर रस्त्यावरची आहे. मराठवाड्यात मुलं पळवणारी मोठी टोळी उतरली आहे. मुलांच्या किडन्या काढून विकतात. ते साधू, भिकारी, बहुरूपी अशा वेषात येतात. पोलीस चोवीस तास तक्रार घेत नाहीत, म्हणून तिकडं वेळ घालवू नका. संशयित दिसला की आधी चोपा, मग विचारा. कायदा आईच्या बाजूनं आहे.

मी शिक्षिका आहे. माझ्या वर्गात काल अकरा मुलं कमी होती. म्हणून हे लिहितेय.

आधी व्हिडिओ. हा हिंदी मारधाडपटातला प्रसंग आहे, आणि ते ओळखायला सिनेमाचं नाव माहीत असायची गरज नाही. बाई गज उचलते तेव्हा कॅमेरा तिच्या मागं आहे, गज लागतो तेव्हा समोर, माणूस पडतो तेव्हा वर. रस्त्यावरच्या मारामारीत कोणीही माणूस असा तीन जागी उभा राहून चित्रण करत नाही आणि सीसीटीव्ही खांबावरून हलत नाही. हे सांगितल्यावर बहीण म्हणाली, "पण रगत खरं दिसायलंय ना." दिसणारच. ते खरं दिसावं म्हणून माणसं पगारावर ठेवलेली असतात.

असे सिनेमे मला आवडतात, हेही सांगते. लेकरासाठी पदर खोचून उभी राहणारी बाई पडद्यावर दिसली की माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण त्या गोष्टीची एक गरज असते. तिथं पोलीस आणि कोर्ट निकामी दाखवावे लागतात, नाहीतर आईनं हत्यार उचलायला कारण उरत नाही. श्रीदेवीचा 2017 चा 'मॉम' घ्या. कोर्टात आरोपी सुटतात, आणि तिथूनच आईची खरी गोष्ट सुरू होते. गोष्ट म्हणून ते बरोबर आहे. मजकूर लिहिणाऱ्यानं मात्र गोष्टीची ही गरज उचलून खऱ्या बायांना सल्ला म्हणून दिली: पोलिसांकडं जाऊ नका.

मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आहे. लेकरू दिसेनासं झाल्यावरचे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात, कारण तेव्हा ते अजून बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, फार तर शेजारच्या तालुक्यात असतं. नेमके तेच तास हा मजकूर वाया घालवायला सांगतो. चोवीस तास थांबायचा असा कोणताही नियम नाही. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर स्पष्ट आदेश दिला: अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि तपासात वेगळं सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असं धरूनच चालायचं. मूल कशामुळं गेलं असेल हे आईबापांनी सिद्ध करत बसायचं नाही, ते काम पोलिसांचं. मुलांच्या प्रकरणांसाठी प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी ठरवून दिलेला असावा, हेही त्याच आदेशात आहे.

आता जे कबूल करायला हवं ते करते. ठाण्यात टोलवाटोलवी होते. आमच्या गल्लीतल्या एका बाईचा तेरा वर्षांचा मुलगा घरातून निघून गेला, तेव्हा मी तिच्यासोबत ठाण्यात गेले होते. "नातेवाइकांकडं बघा, रात्रीपर्यंत येईल," असं आम्हाला ऐकवलं गेलं. आम्ही उठलो नाही. 2013 च्या त्या आदेशाचं नाव घेतलं, लेखी नकार मागितला, तेव्हा कुठं कागद पुढं आला. अपहरणाचं कलम लागलं, एफआयआरची प्रत फुकट मिळाली. मुलगा तिसऱ्या दिवशी पूर्णा स्टेशनवर सापडला. तेव्हा पोलीस टाळतात हे अर्धं खरं आहे. पण त्यावरचा उपाय ठाण्यात ठाण मांडून बसणं हा आहे. ठाणेदार ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडं लेखी तक्रार पाठवता येते. हद्द दुसरी आहे हे कारण चालत नाही, गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि 112 (पोलिसांची तातडीची मदत) आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन नंबर रात्रीसुद्धा लागतात.

किडनीचं आता. हे मी दहा वर्षं ऐकतेय. व्हॅनमध्ये मूल घातलं, किडनी काढली, विकली, असं सांगणाऱ्यांनी एकदा डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी जाऊन बसावं. रक्तगट जुळावा लागतो, मग बाकीच्या तपासण्या, मग ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, शल्यविशारद. काढलेली किडनी बर्फात ठेवली तरी साधारण दिवस-दीड दिवसच टिकते. 1994 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि मराठवाड्यासाठी प्रत्यारोपणाची यादी सांभाळणारं विभागीय समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरात आहे. किडनीचे गैरव्यवहार देशात झालेत, नाकारत नाही. ते गरीब मोठ्या माणसाला पैशाचं आमिष दाखवून, खोटं नातं कागदावर लावून झालेत.

"टोळी उतरली आहे" हे जुनंच. 2018 साली असाच एक व्हिडिओ देशभर फिरला होता: मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो कराचीत, मुलांच्या सुरक्षेबद्दल लोकांना जागं करायला बनवलेला छोटा जाहिरातपट होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात. तो शेवट कोणीतरी कापला. त्या वर्षी अशा अफवांनी देशात वीसहून जास्त माणसं मारली गेली. त्यातली पाच धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, 1 जुलैला, बाजाराच्या दिवशी. डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागायला आलेली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्यांच्यातल्या एकानं एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला होता, एवढंच.

म्हणून "वेषांतर करून येतात" हे वाक्य वाचलं की माझा थरकाप होतो. आमच्या बहिणीच्या गावात दर वर्षी सुगी झाली की एक बहुरूपी येतो. कधी हवालदार होतो, कधी डॉक्टर. वेष बदलणं हाच त्याचा पिढीजात धंदा. या आठवड्यात तो हवालदाराच्या वेषात आला, आणि पोरांनी त्याला पारावर बसवून आधार कार्ड मागितलं. एकानं मुस्काटात मारली. एका म्हाताऱ्यानं ओळखलं म्हणून सुटला. ही सगळी हकिकत मला बहिणीनंच सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज खाली गेला होता. वीस वर्षं तिच्या सासूनं त्याला ज्वारी घातली आहे.

आणि आपण मराठवाड्यातल्यांनी तरी हे पुढं पाठवू नये. आपल्याकडं टोळी म्हटलं की आधी ऊसतोडीची टोळी आठवते. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणीची माणसं कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातात. तिथं परकी, अनोळखी माणसं आपण असतो. 2022 च्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा गावी उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून बेदम मारलं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. उद्या आपला एखादा मुकादम तिथं रस्ता विचारील. फडावर गेलेल्या आईचं लेकरू इकडं आजीपाशी असतं. तिनं रात्री खोपटात हा व्हिडिओ पाहिला तर तिचं काय होत असेल, याचाही विचार पाठवणारा करत नाही.

लेकरांना धोका नाही असं मी म्हणत नाही. पण एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात: मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे असतात. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा. 'मदर इंडिया' आपल्या आयांनी किती वेळा पाहिला असेल. त्यात गावातल्या पोरीला लग्नाच्या दिवशी उचलून नेणारा कोणी परका नसतो, राधाचा पोटचा मुलगा असतो. राधा बंदूक त्याच्यावरच धरते.

राहिला कायदा. प्रत्यक्ष कोणी तुमचं लेकरू हिसकावून नेत असेल, तर हाताला येईल त्यानं मारायचा हक्क आईला आहे. पळवून नेण्यासाठी केलेल्या हल्ल्यात, भारतीय न्याय संहितेच्या कलम 38 प्रमाणे, हा हक्क समोरच्याचा जीव जाईपर्यंत पोचतो. मजकुरातलं एवढं वाक्य धरून ठेवा. पण लागलीच आधीचं, 37 वं कलम वाचा: गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही. पारावर बसवलेल्या, हात जोडणाऱ्या माणसाला मारणं यात कुठंच बसत नाही. तिथं पाच किंवा जास्त जणांचा जमाव असेल तर कलम 190 लागतं, आणि मारायच्या इराद्यानं जमलेल्यात ज्यानं हातही उगारला नाही तोही गुन्हेगार ठरतो. त्या पारावर माझा भाचा उभा होता. एकोणीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. गुन्हा नोंदला गेला असता तर त्याची भरती तिथंच संपली असती.

बहिणीशी काल पुन्हा बोलले. पोरगी सोमवारपासून शाळेत जाणार आहे, आजी सोडायला जाईल. 1098 नंबर तिनं खडूनं दारामागं लिहिला आहे. व्हिडिओ तिनं बावीस जणांना पाठवला होता. त्या बावीस जणांना आता ती एकेकाला फोन करतेय. सात झालेत.