प्रीफेच उडवून कॉम्प्युटर पळत नाही, सर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर कोल्हापूरच्या राजारामपुरीत बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवतात. त्यांचं म्हणणं असं, की मी सांगतो ते कीबोर्डचे शॉर्टकट म्हणजे पोरखेळ. टेंप (तात्पुरत्या फायलींचं फोल्डर) आणि प्रीफेच रिकामं करणं, एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवायच्या खिडकीत) प्रोसेसरचा आकडा वाढवणं, रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही 'साफ' करणारं सॉफ्टवेअर) चालवणं या 'खऱ्या ट्रिक्स' मी सांगतच नाही, आणि शेवटी 'एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या' म्हणून दुकानदाराचं कमिशन खातो.

कमिशनचं आधी उरकतो. मिळत नाही. मिळत असतं तर एव्हाना माझ्या लॅपटॉपची बॅटरी बदलून झाली असती.

आता प्रीफेच. हे फोल्डर २००१ च्या एक्सपीपासून विंडोजमध्ये आहे. तुम्ही टॅली किंवा क्रोम उघडता तेव्हा त्या प्रोग्रॅमला सुरुवातीला कुठल्या फायली लागतात याची नोंद विंडोज तिथं करून ठेवतं आणि पुढच्या वेळी त्या आधीच गोळा करतं. जुन्या नोंदी ते स्वतःच काढून टाकतं. म्हणजे खानावळीत मामींनी सकाळीच वाटून ठेवलेला मसाला स्वच्छतेच्या नावाखाली फेकून द्यायचा आणि वर ताट लवकर मागायचं, असला प्रकार झाला. प्रीफेच उडवल्यावर प्रत्येक प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना उलट जास्त वेळ घेतो. टेंप रिकामं करायला हरकत नाही, जागा मोकळी होते. पण सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला नसेल तर त्यानं वेगात फरक पडत नाही.

एमएसकॉन्फिगची ट्रिक मात्र मला मनापासून खटकते, कारण ती पोरं क्लासमधून शिकून घरच्या मशीनवर करतात. 'बूट'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जो प्रोसेसरचा आकडा आहे तो मर्यादा घालण्यासाठी आहे, तपासणी करणाऱ्यांच्या सोयीसाठी. तिथं टिक नसते तेव्हा विंडोज प्रोसेसरमधले सगळे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, वापरतच असतं. टिक करून सर्वात मोठा आकडा निवडला तर काहीच वाढत नाही, छोटा निवडला तर कोअर कमी होतात. शेजारच्या 'मॅक्सिमम मेमरी'त चुकीचा आकडा पडला तर असलेली रॅमही विंडोजला पुरती वापरता येत नाही. आणि रजिस्ट्री क्लीनरबद्दल खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं की असली सॉफ्टवेअरं वापरण्याला आमचा पाठिंबा नाही. त्या सॉफ्टवेअरमुळं काही बिघडलं तर शेवटी विंडोज नव्यानं टाकायची वेळ येऊ शकते. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश करणाऱ्यांना मी हसलो, तेही तुम्हाला लागलं. पण त्या रिफ्रेशनं फक्त आयकॉन पुन्हा काढले जातात. हाताला सवय आहे, दुसरं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आधी बघा, मग करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मशीन अडकलेलं असताना सीपीयू, मेमरी, डिस्क यातलं नेमकं कोण शंभराला टेकलंय ते तिथं दिसतं. उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमधला कॉम्प्युटर असाच 'स्लो' होता. मालकांनी तोवर दोन क्लीनर टाकून घेतले होते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क निवांत, मेमरी निम्मी, सीपीयू मात्र गच्च. खाली 'बेस स्पीड' तीन गिगाहर्ट्झच्या वर, आणि प्रत्यक्ष 'स्पीड' एक गिगाहर्ट्झसुद्धा नाही. रिकाम्या मशीनवर हा आकडा खाली येतो, ते ठीक. काम चालू असताना तो एवढा खाली म्हणजे प्रोसेसर तापलाय आणि जीव वाचवायला स्वतःच मंद चालतोय. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये तेलकट काळी धूळ आणि लोखंडाची भुकटी नमद्यासारखी बसलेली. वीज काढून, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. मशीन हललं! यात कुठला क्लीनर काय करणार होता?

एसएसडीचंही तसंच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, आणि ती जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तरच मी एसएसडी घ्या म्हणतो. फिरत्या डिस्कला एकेक बारीक फाईल शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका वेळ पुरतो. विंडोज सुरू होताना अशा बारीक फायली हजारोंनी वाचल्या जातात. तिथं पैसे घालण्यात अर्थ आहे. डिस्क निवांत असेल तर एक रुपया घालू नका, मीच सांगतो.

आता पोरखेळ. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर बसणारे दिवाणजी डोळ्यांसमोर आणा. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर व्यापाऱ्याचा मेसेज आलाय. त्यातला १५ अक्षरांचा जीएसटी नंबर, ११ अक्षरांचा आयएफएससी आणि खाते क्रमांक तीन वेगवेगळ्या रकान्यांत भरायचाय. एक कॉपी, खिडकी बदल, पेस्ट, परत मागं, दिवसभर हेच. विंडोजची की आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी (कॉपी केलेल्या गोष्टींची यादी) एकदा चालू केली की तिन्ही गोष्टी ओळीनं कॉपी करायच्या आणि तिकडं जाऊन यादीतून एकेक टाकायची. विंडोज १० मध्ये ही सोय २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून आहे. शेवटच्या २५ गोष्टी राहतात, रीस्टार्ट केलं की पिन केलेल्या सोडून बाकी जातात. एक धोका सांगायला हवा: कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत दिसू शकतो. त्यामुळं तुमच्या क्लाससारख्या सामाईक मशीनवर ती बंदच ठेवा.

अजून एक. 'रोज बंद करतो तरी अडकतोय' हे तुम्हीच लिहिलंय. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या मशीनवरही तो कित्येक दिवसांचा दिसू शकतो. रीस्टार्टनं मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. आठवड्यातून एकदा तेवढं करा, फुकट आहे.

क्लासमधल्या चार जीबी रॅमच्या मशीनचं काय करू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) लागतं. त्यामुळं आधी ती मशीन ११ ला चालतात का ते बघा, मगच रॅमचा विचार करा. तोवर एका मशीनवर पोरं काम करत असताना टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'चा फोटो काढून मला पाठवा. सुरू केल्या केल्या नको, पहिली पाच मिनिटं अपडेट आणि अँटिव्हायरस डिस्क अडवून बसलेले असतात.